दोन स्क्रूंची अक्कल

घरातला प्रत्येक स्क्रू काही ना काही धरून असतो, अशी पन्नाशीपर्यंत माझी समजूत होती. कुकरचा स्क्रू दांडा धरून असतो, पंख्याचा स्क्रू पातं धरून असतो, आणि चष्म्याचा स्क्रू कधीच पडून गेलेला असल्यामुळे तिथं सेफ्टी पिन काडी धरून असते. पण लेकीच्या रिमोटवाल्या बोटीच्या पोटाला खालून दोन बारीक पितळी स्क्रू होते, ते काहीच धरून नव्हते. काढले तरी काही पडलं नाही, हललं नाही, उघडलं नाही. आतून त्यांना एकेक तार तेवढी जोडलेली होती. कारखान्यात कुणीतरी जेवणानंतरच्या गुंगीत चुकून मारले असावेत, असं ठरवून मी ते तारांसकट उपटले आणि भोकांत एम-सील भरलं. पुढं जे जे झालं त्याचं मूळ या एम-सीलमध्ये आहे. पण ते मला कळायला अजून तीन आठवडे अवकाश होता.

बोट लेकीच्या सातव्या वाढदिवसाची. हातभर लांब, लाल-पांढरी, बाजूला ज्वाळांचे स्टिकर. पाण्यात चालणाऱ्या वस्तूवर ज्वाळा का काढतात, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. लेक आता अकरावीत आहे, आणि तिच्या लेखी बोट आणि बाबा या एकाच माळ्यावरच्या वस्तू आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ही बोट खाली आली. मूळ बॅटरीनं केव्हाच राम म्हटला होता, म्हणून चार पेन्सिल सेल जोडले आणि धुण्याच्या टबात सोडली. ती डावीकडे गोल फिरू लागली. सरळ सोडली तरी डावीकडे. उजवीकडे वळ म्हटलं, तर जागच्या जागी थांबून विचारात पडायची.

आमचे अण्णा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, ‘‘दोन मोटरी असतील. एकीची तार सुटलीय. डाग दे, चालेल.’’

हे निदान पुढं शंभर टक्के बरोबर निघालं. पण अण्णांच्या निदानात कधीच मजा नसते. डाग देणं म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती मिक्सरची करायची असते. बोटीसारख्या वस्तूची करायची ती सुधारणा. त्यात मी आठवडाभर रात्री जागून परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. त्यात निळ्याशार तळ्यावरून बोटी उडत जातात आणि काठावर टक्कल पडलेली माझ्याच वयाची माणसं शांतपणे अंगठा हलवत उभी असतात. त्यांच्या चेहऱ्यावरची ती शांतता मला हवी होती. बोट हे निमित्त.

बोट उघडली. मराठी घरात स्क्रू कुठलाही असो, तो टेस्टरनं उघडतात. टेस्टरनं लाइट आहे का हे बघणं हा त्याचा जोडधंदा. अकरा स्क्रू होते. नंतर बसवले तेव्हा नऊच बसले आणि उरले चार. हा हिशेब मी बँकेत असूनही मला आजवर लागलेला नाही.

आत काय असेल याची मला फार उत्सुकता होती, आणि आत जवळजवळ काहीच नव्हतं. अंगठ्याएवढ्या दोन मोटरी, एक काडेपेटीएवढी हिरवी पाटी, आणि तारांचा गुंता. सुकाणू नाहीच. दोन्ही मोटरी फिरल्या की बोट सरळ, एक थांबली की बोट त्या बाजूला. बैलगाडीचंच तत्त्व. पाटीवर एक काळा चौकोनी किडा बसलेला. आरएक्स-२ म्हणतात त्याला, आणि रिमोटमध्ये त्याचा जोडीदार टीएक्स-२. या दोघांच्या भाषेत एकूण पाच शब्द आहेत: पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे आणि जोरात. जगातल्या कित्येक स्वस्त खेळण्यांचा संसार एवढ्या पाच शब्दांवर चालतो. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी खूप शब्द होते, आता साधारण पाचावरच आलंय, आणि गाडी व्यवस्थित चालू आहे. पण बोटीनं पाचावर समाधान मानावं, हे मला पटेना.

डाव्या मोटरीची तार तुटून लोंबत होती. टोकाला हिरवा गंज. अण्णांना दाखवलीच नाही.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लहानपणी मला जत्रेत पत्र्याची फटफट बोट घेतली होती. हल्लीच्या मुलांनी ती पाहिली नसेल. आत छोटी पत्र्याची डबी, तिला मागं पाण्यात उघडणाऱ्या दोन नळ्या, आणि डबीखाली तेलात भिजवलेली वात. वात पेटवली की डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागं ढकलते, आणि बोट पुढं सरकते. मग वाफ थंड होऊन आकसते, नळ्या पुन्हा पाणी ओढून घेतात, पुन्हा वाफ. फट फट फट. ना मोटर, ना सेल, एकही फिरणारा भाग नाही. मी त्यात सुधारणा केली. वात मोठी केली आणि तेलाऐवजी रॉकेल घातलं. बोट दोन वीत जोरात गेली आणि मग तिचे सगळे जोड उकलले, कारण पत्र्याची बोट झाळलेली असते आणि झाळ म्हणजे कथिल-शिसं, ते फार उष्णता सोसत नाही. अण्णांनी ती पुन्हा झाळून दिली आणि एवढंच विचारलं, ‘‘चालत होती ना? मग?’’

त्या ‘मग’चं उत्तर मी चाळीस वर्षं शोधतोय.

तर खरेदी. पुण्यात असलं काही हवं असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जायचं. तिथल्या एका अरुंद दुकानात मी म्हणालो, ‘‘बोटीसाठी ब्रशलेस मोटर हवीय.’’ गल्ल्यावरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, ‘‘किती केव्ही?’’

मी दचकलो. आमच्या घरात एकूण २३० व्होल्ट येतात, तेही आले तर. अण्णांच्या तोंडून केव्ही हा शब्द ऐकला होता तो रस्त्यावरच्या अकरा केव्हीच्या लाइनबद्दल, आणि तिच्या खाली पतंग उडवू नये या संदर्भात. मी धीर करून म्हणालो, ‘‘सगळ्यात कमी असेल ती द्या.’’ त्यानं आता मान वर केली. मग त्यानं मला जे सांगितलं ते असं: या मोटरीच्या केव्हीचा किलोव्होल्टशी काही संबंध नाही. एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे मारते, तो आकडा म्हणजे केव्ही. म्हणजे २२०० केव्हीची मोटर घेतली आणि तिला ११.१ व्होल्टची बॅटरी लावली, तर मोकळी फिरताना मिनिटाला चोवीस हजारांवर फेरे. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, ‘‘बावीसशे केव्हीची मोटर आणलीय.’’ अण्णा उठले आणि त्यांनी आधी मेन स्विच बंद केला.

मोटरीबरोबर तिचा कंट्रोलर आला, त्याला ईएससी म्हणतात. लिथियम पॉलिमर बॅटरी आली, तिचा वेगळा चार्जर, नवा रिमोट, नवा रिसीव्हर, सुकाणू हलवायला एक नऊ ग्रॅमचा सर्वो, दांडा, नळी, पंखा. बोट होती साडेअठराशेची. सुधारणेला साडेअकरा हजार लागले. बायकोला हा आकडा मी एकदम सांगितला नाही. तीन वेळा तीन वेगवेगळ्या आकड्यांत सांगितला. तिनं तिन्हींची बेरीज करून ती मलाच परत सांगितली. बँकेत ती असायला हवी होती.

या बॅटरीविषयी थोडं. पेन्सिल सेल हा गरीब प्राणी. संपला की चावायचा, उन्हात ठेवायचा, आणखी दोन दिवस काढायचा. लिथियमची बॅटरी म्हणजे माहेरचं श्रीमंत माणूस. तिच्या तीन कप्प्यांपैकी प्रत्येकाला ४.२ व्होल्टच्या वर भरायचं नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचं नाही, आणि नुसती ठेवायची असेल तर मध्येच कुठंतरी ३.८ वर ठेवायची. जास्त झालं की ती फुगते, आणि फारच मनाला लावून घेतलं तर पेट घेते. म्हणून चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही, समोर उभं राहायचं. हे मी घरात सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडे रोज सकाळी कुणीतरी दुधासमोर असंच उभं असतं. उतू जाण्याचा प्रकारही तोच: नजर असेपर्यंत काही होत नाही. बॅटरी मी मातीच्या जुन्या माठात ठेवायला लागलो. पाहुण्यांनी आत काय म्हणून विचारलं तर सांगायचं तरी काय?

मग सोल्डरिंग. या कामाला एका हातात तापलेलं आयर्न, दुसऱ्यात सोल्डरची तार, तिसऱ्यात जोडायची वायर आणि चौथ्यात जिला जोडायची ती वस्तू, असे चार हात लागतात. लग्न झालं की माणूस चतुर्भुज होतो म्हणतात. पण ते उरलेले दोन हात ऐन वेळी स्वयंपाकघरात असतात आणि तिथून ‘‘धूर कसला येतोय?’’ एवढंच विचारतात. त्यात माझं आयर्न पंचवीस वॅटचं आणि बॅटरीची वायर शेवयांपेक्षा जाड. वायरच सगळी उष्णता पिऊन टाकायची. सोल्डर वितळायचं, पण नुसतं वर बसून राहायचं. पाहुण्यांनी खुर्चीच्या टोकावर बसावं तसं. अण्णांनी नखानं खरवडलं तर गोळाच हातात आला. ‘‘कोरडा डाग,’’ ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांचं वर्कशॉपच्या काळातलं जाड तांब्याच्या टोकाचं आयर्न घेऊन आले. आधी वायरीला सोल्डर पाजलं, मग टर्मिनलला पाजलं, मग दोन्ही टेकवली. तीन सेकंद. मी त्याला ‘आपण जोडलं’ असं म्हणत असतो.

यानंतर बोटीला भोकं पाडायची होती. जगात माणूस नाव बांधू लागला तेव्हापासून सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी चाललाय: पाणी आत येऊ नये. कोकणातले सुतार फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात तो त्यासाठीच. आणि मी ड्रिल मशीन हातात घेऊन टेबलाशी बसलेला. जुन्या मोटरींची दोन भोकं बुजवली, मधोमध नव्या दांड्याचं पाडलं, मागं सुकाणूचं पाडलं. दांड्याच्या नळीत ग्रीस ठासून भरायचं, म्हणजे दांडा फिरतो पण पाणी नळीतून वर चढत नाही. इथवर ठीक. पण ही मोटर आणि तिचा कंट्रोलर दोन्ही इतके तापतात, की त्यांना थंड करायला तळ्यातलंच पाणी बोटीत आणावं लागतं! पंख्याच्या मागं एक बारीक तोटी लावायची. पंखा पाणी मागं फेकतो, त्यातलं थोडं तोटीत घुसतं, रबरी नळीतून कंट्रोलरला आणि मोटरीला प्रदक्षिणा घालतं आणि बाजूच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडतं. पंप नाही, काही नाही. म्हणजे मी स्वतःच्या हातानं बोटीत पाणी घ्यायचं भोक आणि बाहेर सोडायचं भोक पाडलं आणि त्या दोघांमधला सगळा भरवसा तोटीवर नुसत्या सरकवलेल्या वीतभर नळीवर टाकला. व्हिडिओतला माणूस तिथं बारीक प्लास्टिकची पट्टी आवळत होता. तो जरा जास्तच काळजी करणारा वाटला मला.

अण्णांनी मिक्सरच्या खोक्यातलं थर्माकोल सुरीनं कापून बोटीच्या नाकात ठासलं. मी म्हणालो, ‘‘अण्णा, वजन वाढतं.’’ ते म्हणाले, ‘‘थर्माकोलनं?’’

रेडिओचं मात्र मला खरंच अप्रूप वाटलं. जुना रिमोट २७ मेगाहर्ट्‌झचा. त्याची लहर अकरा मीटर लांब, म्हणून त्याला ती ओढून लांब करायची अँटेना. ती लहानपणी प्रत्येकानं कुणाच्या तरी डोळ्याशी नेलेली असते. शिवाय एकाच वारंवारितेची दोन खेळणी जवळ आली की मालक कोण हे त्यांना कळत नसे. मी बोट मागं घेतली की खालच्या मजल्यावरच्या मुलाची मोटारगाडी भिंतीला धडकायची, आणि तो वर बघून रडायचा. नवा रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झचा. लहर साडेबारा सेंटिमीटर, अँटेना म्हणजे तीन सेंटिमीटरची उंदराची शेपटी. तो आधी आपल्या रिसीव्हरशी ‘बाइंड’ होतो. म्हणजे रीतसर लग्न. मग दुसऱ्या कुणी कितीही खुणा केल्या तरी रिसीव्हर बघत नाही.

या सगळ्याची सुरुवातसुद्धा बोटीनंच झाली, ही गोष्ट मी घरात सगळ्यांना दोनदोनदा ऐकवलीय. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं पाण्याच्या टाकीत एक बोट सोडली आणि दुरून, तारेशिवाय, ती चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला ६,१३,८०९ क्रमांकाचं पेटंट मिळालं. मारे चिप नव्हती की ट्रान्झिस्टर नव्हता. रिसीव्हर म्हणजे धातूचा कीस भरलेली नळी. लहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा आणि वीज वाहू द्यायचा. पण एकदा चिकटला की चिकटला. पुढची आज्ञा ऐकायची तर नळी हलवून, उलटी करून कीस मोकळा करावा लागे. आपण टीव्हीचा रिमोट तळहातावर आपटतो ती परंपरा एवढी जुनी आहे. बघणाऱ्यांपैकी कुणाला वाटलं हा मनाच्या शक्तीनं बोट चालवतो, कुणाला वाटलं आत शिकवलेलं माकड बसवलंय. लेक म्हणाली, ‘‘बाबा, आपल्या बोटीत माकड बाहेर आहे.’’

बाइंडिंग मी एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर केलं. रिसीव्हर आधी वाढदिवसाच्या फुग्यात घालून तोंड बांधून टाकलं. पाण्यापासून वाचवायचा हा या छंदातला जगन्मान्य उपाय आहे. फुग्यावर ‘हॅपी बर्थडे’ होतं. बॅटरी जोडली तर मोटर चक्क बोलली. पी, पी, पी. हा आवाज भोंग्याचा नसतो. कंट्रोलर मोटरीच्याच गुंडाळ्यांना थरथरवून तो काढतो. तीन पिपाण्या म्हणजे तीन कप्प्यांची बॅटरी ओळखली. मग एक लांब पिपाणी, म्हणजे मी तयार आहे. सुकाणू डावी-उजवीकडे मान डोलावत होतं. रिसीव्हर सर्वोला सेकंदाला पन्नासदा एकेक झटका पाठवतो. तो दीड मिलीसेकंदाचा असला की मान सरळ, एकाचा झाला की एकीकडे, दोनाचा झाला की दुसरीकडे. अर्ध्या मिलीसेकंदाच्या फरकानं मान वळवणारं घरात हे पहिलंच कुणीतरी.

समाधानानं मी रिमोट बंद केला. आणि बोट सुरू झाली.

हे वाक्य छापताना चुकलेलं नाही. रिमोट बंद केला आणि बोट सुरू झाली. कारण मला नंतर कळलं ते असं की रिमोटचा संपर्क तुटला तर काय करायचं, हे हा रिसीव्हर बाइंडिंगच्या वेळीच लक्षात ठेवतो, आणि बाइंडिंगच्या वेळी माझ्या अंगठ्यानं वेगाची दांडी पूर्ण वर धरली होती. म्हणजे मी त्याला लग्नाच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की माझी हाक ऐकू येईनाशी झाली तर पूर्ण वेगानं धाव. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको वर्तमानपत्रावर कोथिंबीर निवडत होती. चोवीस हजार फेऱ्यांचा पंखा आधी टेबलक्लॉथ गिळत, मग अर्थ-उद्योगाचं पान गिळत कोथिंबिरीच्या जुडीत शिरला. तीन सेकंदांत एवढी बारीक कोथिंबीर आमच्या घरात आजवर कुणी चिरलेली नाही. भिंतीवर, घड्याळावर, माझ्या चष्म्यावर. लेकीनं वायर ओढली. कुणाच्या बोटाला लागलं नाही, हे नशीब. त्या दिवसापासून आधी रिमोट चालू, मग बोट; आधी बोट बंद, मग रिमोट, हे फ्रिजवर लिहून लावलंय.

अण्णा आले, त्यांनी घड्याळावरची कोथिंबीर पुसली, आणि विचारलं, ‘‘जुनी बोट कधी अशी टेबलावर चालली होती?’’

मी आठवून बघितलं. नव्हती. पोर लहान असताना तिनं रिमोटचं बटण हजार वेळा दाबलं असेल, बोट हातात असताना, मांडीवर असताना, तोंडाशी असताना. कधीच चालली नाही. पाण्यात ठेवली तरच चालायची.

‘‘खाली दोन स्क्रू होते ना?’’ अण्णा म्हणाले. ‘‘पाण्यातून करंट जातो. दोन्ही स्क्रू पाण्यात बुडले तरच सर्किट पुरं. लहान मुलाची बोटं पंख्यात जाऊ नयेत म्हणून. ते कुठंयत?’’

साडेअकरा हजारांत मी बोटीला वेग दिला, सुकाणू दिलं, तीन कप्प्यांची बॅटरी दिली, आणि पाण्यात आहोत की जेवणाच्या टेबलावर एवढी तिला जी अक्कल होती ती काढून बिस्किटाच्या डब्यात टाकली होती. डबा अण्णांनी उचलून नेला. मी विचारलं नाही.

जलावतरण सासवडजवळ, मेव्हण्याच्या शेततळ्यात झालं. तीस मीटर बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. असं तळं दिसायला शांत पण उतरायला वाईट. प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि आत गेलेल्या माणसाला वर चढता येत नाही. म्हणून मेव्हण्यानं चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवलेत, आणि काहीही झालं तरी आत उतरायचं नाही असा आल्या आल्या दम दिला. बोट बघून तो म्हणाला, ‘‘दाजी, एवढ्या पैशात थोडी भर घालून ड्रोन घ्यायचा. अंजिरावर फवारा तरी मारला असता.’’

बोट पाण्यात सोडली, अंगठा हलवला. बोट मागं आली आणि माझ्याच पायाशी काठावर चढली. मी व्हिडिओ आठवू लागलो. मेव्हण्यानं झाकण उघडून आत बघितलं, मोटरीच्या तीन वायरी मोजल्या आणि म्हणाला, ‘‘थ्री फेज हाय की ही. डीपीवर काम झालं की आमची विहिरीवरची मोटर अशीच उलटी फिरती. कुठल्याबी दोन वायरी अदलाबदल करा.’’ केल्या. बोट सुलटी झाली. एका महिन्याच्या अभ्यासातून मला जे मिळालं नव्हतं ते त्याला महावितरणच्या कृपेनं तोंडपाठ होतं.

आणि मग ती गेली. काय गेली! नाक वर, मागं पांढरा पिसारा, बाजूनं थंडगार पाण्याची पिचकारी, आणि मिक्सर, डास, रिक्षा यांच्या मधला कसलासा आवाज. काठावर त्या टक्कलवाल्या माणसांसारखा मी उभा होतो. ती शांतता मला साधारण दोन सेकंद मिळाली. तीस मीटरचं तळं ओलांडायला बोटीला तीन सेकंद लागत होते, आणि माझ्या अंगठ्याला विचार करायला चार. पलीकडच्या काठाशी कशीबशी वळवली, तर ती आता माझ्याकडे येऊ लागली, आणि बोट आपल्याकडे तोंड करून आली की तिची डावी म्हणजे आपली उजवी. मी डावीकडे म्हणतोय, ती उजवीकडे जातेय. दोन काठ, तीन वळणं, एक घाबरलेला बगळा.

चौथ्या फेरीत पिचकारी थांबली. मला वाटलं, मोटर थंड करायचं काम संपलं असेल. पाणी काही थांबलं नव्हतं. ते फक्त बाहेर पडायचं थांबलं होतं. आत तोटीवरची नळी सुटली होती, आणि बोट जितक्या जोरात पळेल तितक्या जोरात स्वतःच्याच पोटात पाणी भरत होती. मी वेग वाढवला, काठाला लवकर यावी म्हणून. बरोबर मधोमध ती जड झाली, मंद झाली, एक लांब पिपाणी वाजवली आणि शेपटाकडून बुडाली. नाक तेवढं वर राहिलं. मिक्सरच्या थर्माकोलचं.

बायको शांतपणे डबा उघडून पोहे काढत होती. लेक व्हिडिओ काढत होती. मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, ग्रीसचं पाणी अंजिराला चालतंय ना?’’

अण्णांनी दोर मागवला. एक टोक मेव्हण्याकडे, एक माझ्याकडे, दोघं समोरासमोरच्या काठांवर, मध्ये पाण्यावर दोर, आणि चालायचं. अंतरपाट धरल्यासारखे आम्ही दोघं पाऊल पाऊल सरकत होतो. दोर बोटीच्या नाकाला लागला, आणि नवरी हळूहळू कोपऱ्यात आली. अण्णांनी काठीनं ओढून घेतली, उपडी केली. ओंजळभर नाही, तांब्याभर पाणी निघालं. कंट्रोलर गेला होता. सर्वो गेला होता. फुग्यातला रिसीव्हर ठणठणीत. ‘हॅपी बर्थडे’वर पाण्याचा थेंब नव्हता.

परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही. हडपसरच्या सिग्नलला अण्णा म्हणाले, ‘‘नळीला पट्टी आवळायला हवी होती.’’

आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं, आणि पहाटे चार ते सहाच्या दरम्यान कधीही येतं. म्हणून दर दुसऱ्या दिवशी अण्णा चारला उठतात, मोरीतला नळ उघडा ठेवतात आणि खुर्ची टाकून बसतात. आधी नुसती हवा येते, सूं करत, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मग पाणी. चाळीसेक मिनिटांत ते जातं. तेवढ्यात जिन्याखालची टाकी, पिंप, हंडे.

मागच्या आठवड्यात पहाटे मला स्टीलच्या वाटीवर कुणीतरी चमचा बडवत असल्यासारखा आवाज आला. खणखणखण. मोरीत गेलो. नळाखाली बादली होती आणि बादलीच्या तळाशी दोन पितळी स्क्रू, तारांसकट. वर फळीवर ती हिरवी पाटी, चार पेन्सिल सेल, आणि एक जुनी मोटर लाकडी पट्टीवर ठोकलेली. तिचा पंखा उलट्या टांगलेल्या वाटीवर आपटत होता. मोटरीला तार होती, टोकाला नवा डाग, गोल, चकचकीत. ती डावी मोटर होती. बाजूला तो जुना रिमोट, अँटेना आत ढकललेली, आणि त्याची ‘पुढं’ची दांडी मेथीच्या जुडीच्या रबरानं बांधून ठेवलेली. रात्रभर तो ‘पुढं, पुढं, पुढं’ म्हणत बसला होता, आणि पाटी ऐकत होती पण हलत नव्हती. बादलीत दोन बोटं पाणी जमलं तेव्हा हलली.

अण्णा उठून आले. चष्मा नव्हता. चाचपडत त्यांनी रबर काढलं, आवाज थांबला. घड्याळात पावणेपाच झाले होते आणि बाराच्या आकड्याशी अजून कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं होतं.

‘‘आलास का,’’ ते म्हणाले, ‘‘हंडे लाव.’’